व्हिनाइल कापड गरम हवेने हाताने जोडण्याची पद्धत

ट्रकवरची जाड ताडपत्री, तंबूचे छप्पर, पाण्याच्या टाकीचे अस्तर अशा कामांसाठी वापरले जाणारे व्हिनाइल कापड म्हणजे पॉलिएस्टर धाग्यांच्या विणीवर दोन्ही बाजूंनी चढवलेला मऊ पीव्हीसीचा, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकचा, थर होय. असे कापड शिवता येते, पण सुईने पाडलेले प्रत्येक भोक पाण्याला आत येण्याची वाट करून देते. चिकटद्रव्याने जोडले, तर उन्हात तापून ताण आल्यावर जोड हळूहळू सरकण्याचा धोका राहतो. गरम हवेने केलेल्या सांध्यात मात्र तिसरा पदार्थच नसतो. समोरासमोरचे दोन्ही थर पुरेसे मऊ केले, त्याच अवस्थेत एकमेकांवर दाबले आणि थंड होऊ दिले, की त्यांच्यामधली सीमा नाहीशी होऊन दोहोंचा एकच थर बनतो.

पीव्हीसीचा थर साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोडण्याजोगा मऊ होतो. त्याहून फार वर गेला तर तो विघटित होऊ लागतो आणि त्यातून बोचऱ्या वासाचा हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. आतला पॉलिएस्टर धागा सुमारे २६० अंशांना वितळतो. म्हणजे काम करायला मिळणारा पट्टा अरुंद आहे. तरीही हॉट एअर गनवर तापमान ठेवावे लागते ४०० ते ५०० अंशांच्या आसपास, कारण नोझलमधून निघालेली हवा कापडाला क्षणभरच भिडते आणि तेवढ्यात तिला आपली उष्णता देऊन पुढे सरकावे लागते. गनवरचा आकडा हा हवेचा आकडा आहे, कापडाचा नव्हे, ही गोष्ट नवशिक्याच्या लवकर लक्षात येत नाही. कापडाचे खरे तापमान हात किती वेगाने सरकतो, वारा आहे की नाही, कापड किती जाड आहे आणि खाली फळी आहे की पत्रा, या सगळ्यांवर ठरते. म्हणून एखाद्याने सांगितलेले तापमान जसेच्या तसे घेऊन कामाला लागण्यापेक्षा, चाचणीच्या पट्टीवर स्वतःचे तापमान स्वतः शोधणे हाच या कामाचा गाभा आहे, आणि त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

कापड जुळते का, हे आधी पाहावे

ताडपत्री या नावाखाली दोन निरनिराळी कापडे मिळतात. एक पीव्हीसीची आणि दुसरी पॉलिएथिलीनची, म्हणजे हलकी, हातात चुरचुरणारी. दोन्ही प्रकार उष्णतेने जोडता येतात, पण आपापसातच. पीव्हीसीवर पॉलिएथिलीन कितीही तापवले तरी चिकटल्यासारखे वाटून नंतर अलगद सुटते. शंका असल्यास छोटा तुकडा पाण्यात बुडवून, त्यावरचे हवेचे बुडबुडे झटकून पाहावे. पॉलिएथिलीन तरंगते, पीव्हीसीचे कापड तळाला जाते. आणखी खात्री हवी असल्यास उघड्यावर, श्वासापासून दूर, तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून कापडाला टेकवावी आणि तिला चिकटलेल्या कणासह पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, आणि कापडाच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा पीव्हीसी असाच होतो.

पीव्हीसी असूनही सांधा धरत नाही, असेही घडते. चांगल्या प्रतीच्या कापडावर धूळ बसू नये म्हणून पातळ लाखेसारखा लेप दिलेला असतो. हा लेप अ‍ॅक्रिलिकचा असेल तर तो सहसा आड येत नाही. पीव्हीडीएफचा, म्हणजे फ्लोरीन असलेल्या एका टिकाऊ प्लास्टिकचा असेल, तर मात्र काही प्रकारांत तो जोडायच्या पट्ट्यापुरता बारीक पॉलिश पेपरने घासून काढावाच लागतो, आणि घासताना आतले धागे उघडे पडणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. कोणत्या बाजूला कोणता लेप आहे हे कापड विकत घेतानाच विचारून ठेवावे. नंतर नुसत्या नजरेने ओळखणे अवघड असते.

जुन्या कापडाची गोष्ट निराळी. पीव्हीसी मुळात कडक पदार्थ आहे. त्यात विशिष्ट द्रव्ये मिसळून त्याला मऊ करता येते हे अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये दाखवले, आणि आजचे सारे व्हिनाइल कापड त्याच शोधावर उभे आहे. ही मऊ करणारी द्रव्ये, म्हणजे प्लास्टिसायझर, वर्षानुवर्षांच्या उन्हापावसात थरातून निघून जातात. दुमडल्यावर तडकणारे, पृष्ठभागावर खडूसारखी पूड सुटणारे कापड नव्या कापडाइतके नीट जोडले जाईल अशी अपेक्षा धरू नये. वरची मेलेली पापुद्र्यासारखी पातळी घासून काढल्यावर खालचा थर कधी कधी बरा निघतो. तो तसा निघाला नाही, तर सांधा फसण्याचा दोष कारागिराचा नसतो.

साधने

गन साधारण १६०० वॅटची, तापमान बारकाईने कमी-जास्त करता येणारी आणि ते स्थिर राखणारी असावी. रंग खरवडण्याच्या घरगुती गनने एखादे ठिगळ लावता येते, पण तिचे तापमान वर-खाली होत राहते आणि तिला योग्य नोझल सहसा बसत नाही, म्हणून लांब सांध्यासाठी तिचा आग्रह धरू नये. नोझल चपट्या तोंडाचे असावे. सरळ, लांब सांध्यांना ४० मिलिमीटर रुंदीचे, आणि कोपरे, वळणे व बारीक कामाला २० मिलिमीटरचे. दाबण्यासाठी सिलिकोनचा रोलर हवा, कारण तापलेले पीव्हीसी सिलिकोनला चिकटत नाही आणि रोलर किंचित दबत असल्यामुळे विणीच्या उंचसखलपणावरही सारखा बसतो. याखेरीज अडचणीच्या जागांसाठी अरुंद पितळी रोलर, नोझल साफ करायला पितळी ताराचा ब्रश, मऊ टोकाची खडूपेन्सिल, धारदार कात्री आणि चामडी हातमोजे एवढे पुरते.

विजेच्या जोडणीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लांब आणि बारीक वायरीवर गन चालवली की तिला मिळणारा विजेचा दाब कमी होतो, हवा कमी तापते, आणि सकाळी नीट जमलेले काम दुपारी दुसऱ्या बोर्डावरून करताना एकाएकी बिघडते. वायर जाड घ्यावी, शक्य तितकी आखूड ठेवावी आणि गुंडाळलेल्या रिळावर न ठेवता पूर्ण उलगडून वापरावी.

काम करायची जागा सपाट, गुळगुळीत आणि टणक असावी. लाकडी फळी किंवा प्लायवूड उत्तम. लोखंडी टेबल टाळावे. ते खालच्या कापडातली उष्णता शोषून घेते, वरचे कापड जळू लागते तरी खालचे पुरेसे मऊ झालेले नसते.

चाचणीची पट्टी

ज्या कापडावर काम करायचे त्याचेच दोन पट्टे, हातभर लांबीचे, घ्यावेत. गन तीन ते पाच मिनिटे तापू द्यावी. दर चौरस मीटरला ६०० ते ७०० ग्रॅम वजनाच्या नेहमीच्या ताडपत्रीला ४० मिलिमीटरच्या नोझलने सुरुवात ४२० अंशांच्या आसपास करून पाहावी आणि हात मिनिटाला अर्धा ते पाऊण मीटर सरकेल असा ठेवावा. जड कापडाला तापमान वाढवण्याआधी वेग कमी करून पाहणे चांगले, कारण उष्णतेला आत मुरायला वेळ लागतो. नुसते तापमान चढवले की वरचा थर करपतो आणि आतला कोराच राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तापमान आणि वेग दोन्ही एकदम बदलले, तर कशाने काय झाले ते कळत नाही. प्रत्येक तुकड्यावर तापमान लिहून ठेवावे.

सांधा पूर्ण थंड होईपर्यंत त्याची परीक्षा घेऊ नये. गरम असताना चांगला सांधाही सहज उलगडतो आणि उगाच तापमान वाढवण्याचा मोह होतो. थंड झाल्यावर सांध्याला काटकोनात दोन ते तीन सेंटिमीटर रुंदीच्या चिंध्या कापाव्यात आणि एकेकीचे दोन्ही पदर विरुद्ध दिशांना ओढून सांधा सोलावा. पदर सुटून दोन्ही बाजूंना चकचकीत, गुळगुळीत पृष्ठभाग दिसले, तर थर एकमेकांत मिसळलेच नाहीत, केवळ टेकले होते. पदर ओढताना एका कापडाचा लेपच विणीपासून उखडून दुसऱ्याला चिकटून गेला आणि पांढरे धागे उघडे पडले, तर सांधा लेपापेक्षा मजबूत झाला आहे आणि याहून अधिक मागण्यासारखे काही नाही. कापड सांध्याच्या कडेवर टचकन तुटले, थर पिवळा किंवा तपकिरी झाला, अथवा वरून विणीची जाळी उठून दिसू लागली, तर उष्णता जास्त झाली आहे. अनेकदा एकाच चिंधीत मधला भाग धरलेला आणि कडेचा भाग सुटलेला दिसतो. तेव्हा दोष तापमानाचा नसून रोलर कडेपर्यंत गेला नाही याचा असतो.

हवामान बदलले, वीज बदलली, कापडाचा नवा गठ्ठा उघडला की ही चाचणी पुन्हा करावी. त्यात फार तर दहा-पंधरा मिनिटे जातात.

प्रत्यक्ष जोडणी

जोडायचे पट्टे साबणाच्या पाण्याने पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तेलकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसावा आणि ते उडून जाईपर्यंत गन पेटवू नये. अल्कोहोलची वाफ आणि ४०० अंशांची हवा एकत्र येऊ देणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ओलावा दिसत नसला तरी विणीत मुरलेला असू शकतो. कापलेल्या कडेवर उघडे राहिलेले धागे पाणी आत ओढून घेतात, आणि तापवल्यावर त्याची वाफ होऊन सांध्यात बुडबुडे धरतात. पावसात भिजलेले कापड एक दिवस वाळवून मगच हाती घ्यावे.

४० मिलिमीटरच्या नोझलसाठी कापडाचे पदर एकमेकांवर ५० ते ६० मिलिमीटर चढवावेत आणि वरच्या पदराची कड खालच्या कापडावर खडूने आखून घ्यावी. लांब सांध्यात दोन्ही कापडांवर दर अर्ध्या मीटरला आडव्या जुळत्या खुणा कराव्यात. गरम कापड रोलरखाली थोडे पुढे ढकलले जाते, आणि खुणा नसतील तर शेवटच्या टोकाला एक पदर बोटभर जास्त उरल्याचे तिथे पोहोचल्यावरच कळते.

काम तीन फेऱ्यांत करावे. पहिल्या फेरीत वरच्या पदराखाली आतल्या बाजूला फूटभर अंतरावर छोटे टाके घ्यायचे, म्हणजे त्या त्या ठिकाणी क्षणभर हवा देऊन रोलरने दाबायचे, जेणेकरून कापड खुणांवर स्थिर राहील. टाके मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे नेले की फरक असलाच तर वाटला जातो. दुसऱ्या फेरीत सांध्याची आतली, खोलवरची कड सलग जोडायची आणि बाहेरच्या बाजूला नोझल मावेल एवढी खोबण मोकळी ठेवायची. ही फेरी वगळण्याचा मोह सर्वांना होतो. परंतु आतली कड बंद नसेल तर शेवटच्या फेरीतली गरम हवा आत पळून जाते आणि कापडाला द्यायची उष्णता वाया जाते. आतली कड बंद असली की हवेला परत बाहेरच यावे लागते आणि ती दोन्ही थरांना पुरेपूर तापवून येते.

तिसरी फेरी मुख्य सांध्याची. नोझल दोन पदरांच्या मध्ये सांध्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून घालावे आणि त्याच्या तोंडाचा दोन-तीन मिलिमीटर भाग वरच्या पदराच्या कडेबाहेर दिसत ठेवावा, म्हणजे कडही तापते. नोझल पुढे सरकत जाते आणि रोलर लगेच त्याच्या मागे, तोंडाला समांतर, आत-बाहेर फिरत येतो. नोझल आणि रोलर यांत एक-दोन सेंटिमीटरहून जास्त अंतर पडू देऊ नये; अंतर पडले की मधल्या वेळात थरांवर पातळ कवच येते आणि वरून कितीही दाबले तरी ते मिसळत नाहीत. रोलरचा प्रत्येक फेरा आतून निघून वरच्या पदराच्या कडेच्या पूर्ण बाहेर यावा. दाब खांद्यातून, सावकाश आणि सारखा द्यावा. मनगटाने ठोकरल्यासारखे दाबल्यास मऊ लेप विणीतून पिळून निघतो आणि त्या जागी कापड दुबळे होते.

गन कोणत्या हातात धरावी याविषयी निरनिराळी मते ऐकायला मिळतात. माझ्या मते ज्या हाताला दाबाचा अंदाज चांगला येतो त्या हातात रोलर द्यावा, कारण गनला फक्त संथपणे सरकायचे असते आणि ते दुसऱ्या हातालाही थोड्या सरावाने जमते. सराव करताना गन न पेटवता, थंड नोझलनेच दोन्ही हातांची जुळणी बसवून घ्यावी.

वेग बरोबर आहे की नाही हे कड पाहून कळते. वरच्या पदराच्या कडेलगत वितळलेल्या पीव्हीसीची अगदी बारीक, ओलसर चमक असलेली रेघ सलग उमटत असेल तर हात योग्य चालला आहे. रेघ तुटू लागली तर वेग कमी करावा. धुराचा तलम धागा क्वचित दिसणे चालते, पण धूर सतत येऊ लागला, घसा खवखवू लागला किंवा कड पिवळसर पडली तर लगेच वेग वाढवावा अथवा तापमान वीस-तीस अंशांनी उतरवावे. नोझलच्या तोंडावर काळी काजळी साचली की हवा वाकडी वाहते आणि सांध्यात एका बाजूला कोरी पट्टी राहते. म्हणून अधूनमधून थांबून ते गरम असतानाच पितळी ब्रशने घासावे. मध्येच थांबावे लागले, तर पुन्हा सुरू करताना झालेल्या सांध्यावर चार-पाच सेंटिमीटर मागे येऊन सुरुवात करावी.

सुरकुती पडली तर ती रोलरने चिरडून पुढे जाऊ नये. तिच्या पोटात माशाच्या तोंडासारखी पोकळी उरते आणि पाणी तिथूनच आत शिरते. अशा जागी सुरकुती कापून, पदर सपाट बसवून, सांधा पूर्ण झाल्यावर वरून ठिगळ लावावे.

तीन पदर एकत्र येतात तेथे

दोन सांधे जिथे एकमेकांना भेटतात तिथे मधल्या पदराच्या जाडीएवढी पायरी तयार होते. वरचे कापड या पायरीवरून उतरताना तिच्या कोपऱ्याशी टेकत नाही आणि केसासारखी बारीक नळी उरते. गळणाऱ्या छपरात पहिली शंका इथेच घ्यावी. मधल्या पदराची कड आधी तापवून, पितळी रोलरने दाबून किंवा चाकूने तिरकी तासून उतरती करून घ्यावी. मग सांधा नेहमीप्रमाणे पुढे न्यावा, पण पायरीपाशी वेग थोडा कमी करून अरुंद पितळी रोलरने तिच्या रेषेत दोन-तीन वेळा जोर द्यावा. पितळ उष्णता लवकर ओढून घेते, त्यामुळे जोड जागच्या जागी बसतो.

तपासणी

सांधा थंड झाल्यावर बोथट टोकाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर वरच्या पदराच्या कडेवरून हलक्या दाबाने ओढत न्यावा. कुठे तो आत घुसला तर तिथे खडूने खूण करून पुढे जावे, आणि सगळा सांधा पाहून झाल्यावरच दुरुस्तीला बसावे. छोटी फट २० मिलिमीटरच्या नोझलने पुन्हा तापवून बंद होते. एकदा करपलेली जागा मात्र दुसऱ्यांदा तापवून सुधारत नाही, ती झाकावीच लागते.

फाटलेल्या कापडाला ठिगळ

ठिगळ फाटीच्या चहूबाजूंनी किमान ५० मिलिमीटर पुढे जाईल एवढे घ्यावे, त्याचे धागे मूळ कापडाच्या धाग्यांना समांतर ठेवावेत आणि कोपरे सुमारे २५ मिलिमीटर त्रिज्येने गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा वाऱ्याने आणि दोरीच्या घासण्याने आधी उचकटतो. फाटीच्या कडा एकमेकींना भिडवून खालून अरुंद पट्टी लावून टाक्यांनी जोडून घ्याव्यात, नाहीतर ठिगळ लावताना फट रुंदावत जाते. ठिगळ मध्यावर टाक्याने पक्के करून आधी एक अर्धा भाग आणि मग दुसरा, असे मधून बाहेर जोडत जावे. चारी कडा आधी बंद केल्या तर आत अडकलेली हवा तापून फुगते. ताण येणाऱ्या जागी, उदाहरणार्थ दोरीच्या कड्यांजवळ, आतून आणि बाहेरून अशी दोन ठिगळे लावावीत, आणि बाहेरचे आतल्यापेक्षा मोठे घ्यावे, म्हणजे दोन्ही कडा एकाच रेषेवर येऊन तिथे कापड मोडत नाही.

हे सारे काम खेळत्या हवेत करावे. बंद टाकीत किंवा कोंदट खोलीत पीव्हीसीचा वायू साचतो, डोळे आणि घसा जाळतो आणि जवळच्या लोखंडी अवजारांवर गंज चढवतो. अशा जागी पंख्याने हवा बाहेर ओढून घ्यावी, मात्र तिचा झोत सांध्यावर येऊ देऊ नये. गन खाली ठेवताना नोझल कापडाकडे वळलेले नसावे. काम संपल्यावर ती एकदम बंद न करता तापमान शून्यावर आणून पंखा काही मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे आतली तापणारी तार जळत नाही, आणि नोझल हाताला सोसेल इतके निवल्यावरच ते काढून ठेवावे.